सफरची दुआ
सफरची दुआ : वाहनात बसताना मुस्लिम करतात ती प्रार्थना. ‘बिस्मिल्लाह’ने सुरुवात होते, पुढचे शब्द कुराणाच्या ४३व्या सूरहमधील (अज्-जुखरुफ, आयत १३–१४). आशय असा : हे वाहन अल्लाहने आमच्या ताब्यात दिले, आमच्या बळावर ते आवरले नसते, आणि अखेर त्याच्याकडेच परतायचे आहे. उंटाघोड्यांच्या काळातली ही नम्रता स्टिअरिंग धरणाऱ्यालाही तितकीच हवी.

प्रवासात नमाजेचेही नियम बदलतात. भारतातील बहुसंख्य सुन्नी हनफी विधिपरंपरेचे आहेत. त्यांच्यात सुमारे ७८ किमी. किंवा अधिक अंतरासाठी निघालेला प्रवासी गाव ओलांडल्यावर चार रकातींची (आवर्तनांची) फर्ज म्हणजे अनिवार्य नमाज दोनच रकाती पढतो (कसर). मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या) तीन मात्र तशाच राहतात. गडचिरोलीहून सिरोंच्याला जाणाऱ्यास ही सवलत मिळते. फर्ज नमाजेसाठी चालकाने गाडी थांबवावी. किबला (नमाजेची दिशा) गडचिरोलीहून पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे झुकलेला.

थांबायचे कोठे, हा गडचिरोली-चंद्रपूर जिल्ह्यांतला खरा प्रश्न. मगरिबची वेळ सूर्यास्तानंतर लगेच सुरू होते, आणि चंद्रपूर–मूल रस्त्यावरच्या जंगलात जनावरे बाहेर पडतात तीही तेव्हाच. नमाजेची वेळ तासाभराहून अधिक टिकते. त्यामुळे झाडीत मुसल्ला (नमाजेची चटई) अंथरण्यापेक्षा मूल गाठणे शहाणपणाचे. जीव धोक्यात घालू नये, हेही धर्माचेच सांगणे आहे.

रस्त्यावरचा अडथळा दूर करणे हा हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनानुसार) ईमानाचाच, म्हणजे श्रद्धेचाच, एक भाग. पावसाळ्यात रस्त्यावर आडवी पडलेली फांदी उतरून बाजूला करणारा चालक तेच करत असतो. वाटेचा हक्क सांगताना पैगंबरांनी कोणास इजा न करणे आणि सलामाला उत्तर देणे यांचाही उल्लेख केला आहे.