वीज आणि जागा

धुराविना मिळणारी वीज देशाच्या हिताची आहे, याविषयीं आज फारसा मतभेद नाहीं. परंतु ती कोठें उत्पन्न करावयाची, हा प्रश्न निराळा. योजना हिताची ठरली कीं जागेचा प्रश्न आपोआप सुटतो, ही समजूत किती महाग पडते, तें मुळशीच्या इतिहासावरून आम्हांस दिसतें.

सह्याद्रीच्या माथ्यावरील नद्या पूर्वेस वाहतात. त्यांचें पाणी अडवून पश्चिमेस कोंकणांत सोडावें व त्या उतारावर वीज उत्पन्न करावी, हा टाटांचा प्रयोग खोपोलीस १९१५ सालीं यशस्वी झाला आणि मुंबईच्या गिरण्यांस कोळशावांचून शक्ति मिळूं लागली. योजनेस नांव ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. मग निळा-मुळेच्या खोऱ्यांत, मुळशीस, धरण बांधण्याचें ठरलें. पन्नासांच्या आसपास गांवें व त्यांचीं भातखाचरें बुडणार होतीं; पण गांवकऱ्यांची संमति घेण्यापूर्वींच कामास आरंभ झाला.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं तेथें सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. १८९४ चा जमीन-संपादनाचा कायदा सरकारच्या हातीं होताच. शिवाय आपसांत फूट पडली. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांचें समाधान चांगल्या मोबदल्यानें होण्यासारखें होतें. मावळ्यास जमीनच हवी होती. १९२४ च्या अखेरीस बापटांनीं आगगाडी अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर चालूं झालें. महाराष्ट्रास ‘सेनापति’ मिळाले. मावळ्यांचीं गांवें पाण्याखालीं गेलीं.

आतां पाण्याच्या जोडीस ऊन व वारा आले आहेत. त्यांस धरण लागत नाहीं, म्हणून जुना वाद मिटला असें कोणास वाटेल. परंतु राजस्थानांत जैसलमेरकडे पाहावें. ओसाड म्हणून गणलेल्या तेथील माळांवर माळढोक राहतो. आपल्या सोलापुराजवळ नान्नजलाहि तो एके काळीं नांदत होता. या जड पक्ष्यास समोरची तार वेळेवर दिसत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं तारा जमिनीखालून नेण्याची आज्ञा केली; २०२४ सालीं तींत बदल करून तज्ज्ञांची समिति नेमली. तिकडील ओरण, म्हणजे देवराया, सौरप्रकल्पांस जाऊं नयेत म्हणून गांवकरीहि उठले आहेत.

नकाशा आंखण्यापूर्वीं ‘येथें कोण राहतें?’ असें विचारलें, तर विजेस थोडा उशीर होईल. मागाहून विचारल्यास उत्तर मोबदल्याच्या रकमेंतच द्यावें लागतें. आणि माळढोकास मोबदला घेतां येत नाहीं.