लिंगाचा रकाना नसलेला अहवाल

भ्रूणाची जनुकीय तपासणी म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी त्याच्या मोजक्या पेशी काढून त्यांतली गुणसूत्रे किंवा एखादे ठरावीक जनुक पाहणे. मिरा-भाईंदरसारख्या शहरात या तपासणीवर आज जी बंधने आहेत, त्यांची मुळे 1980 च्या दशकातल्या मुंबईत सापडतात.

6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणातून झालेली मुलगी, जन्मली. प्रयोगशाळेची बाजू परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी सांभाळली. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे 1978 मध्येच साधले होते, पण हयातीत त्यांच्या वाट्याला अवहेलनाच आली. पुढे त्यांची टिपणे तपासून देशातल्या पहिलेपणाचे श्रेय त्यांना मिळवून दिले ते आनंदकुमार यांनीच; असा मनाचा मोठेपणा विज्ञानात विरळा.

त्याच काळात मुंबईत जन्मजात व्यंगे शोधण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी सर्रास वापरली जात होती. स्त्री संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा.

भ्रूणतपासणी यशस्वी झाली ती 1990 मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात. ॲलन हँडिसाइड आणि सहकाऱ्यांनी तीन दिवसांच्या भ्रूणातली एक पेशी काढून तिच्यावरून लिंग ओळखले. ज्या घराण्यांत मुलग्यांनाच गंभीर आनुवंशिक आजार होत, तिथे मुलींची भ्रूणे निवडली गेली. म्हणजे या तंत्राचा पहिला उपयोगच लिंगनिवड हा होता, तोही मुलींच्या बाजूने. महाराष्ट्रात ते कोणत्या बाजूने वळेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. इथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991 मध्ये 946 होती, ती 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 झाली.

सेहत, मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज केंद्राच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर तो कायदा बदलला आणि 2003 पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. दोन मुलींच्या पालकांनी या बंदीला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये ते फेटाळले, आणि योग्यच केले.

तंत्र मात्र पुढे जात राहिले. आता पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार होते त्या थरातून, काही पेशी घेतात. निकाल येईपर्यंत भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर राहते. या तपासणीची खरी गरज थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारात दिसते. आई-वडील दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या दोषाचे वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत हा दोष अधिक आढळतो. आयुष्यभर रक्त चढवावे लागणारे मूल ज्यांनी वाढवले आहे, त्यांना या तपासणीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

2021 च्या केंद्रीय कायद्याने ही तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांपुरती मर्यादित केली. मिरा-भाईंदरमध्ये लिंगनिवड प्रतिबंध कायद्याखालची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असते, आणि तपासणी केंद्राच्या दर्शनी भागात लिंगनिदान होत नसल्याची मराठी पाटी लावावी लागते. सर्व गुणसूत्रे तपासताना प्रयोगशाळेतल्या यंत्रावर एक्स आणि वायसुद्धा दिसतात. जोडप्याच्या हाती पडणाऱ्या अहवालातून मुलगा की मुलगी एवढेच वगळलेले असते.