उभं राहण्याच्या गोळीची गोष्ट

खुर्चीतून उठताच आजोबांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, ते भिंतीचा आधार घेतात, हे तुमच्यापैकी काहींनी घरात पाहिलं असेल. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. रक्तवाहिन्या वेळेवर आवळल्या नाहीत, तर रक्तदाब घसरतो. १९२५ मध्ये ब्रॅडबरी आणि एगलस्टन या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची नोंद केली.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मिडोड्रिन या गोळीला लवकर मंजुरी दिली. ती रक्तवाहिन्या आवळते आणि रक्तदाब वाढवते. पण अट होती: रुग्णाचं रोजचं जगणं खरंच सुधारतं का, हे पुढे अभ्यासातून दाखवायचं. १४ वर्षांत तसा पुरावा आला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एफडीएने मंजुरी काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला. रुग्ण आणि डॉक्टर हादरले, कारण कित्येकांचं उठणं-बसणंच या गोळीवर होतं. पुढच्याच महिन्यात ठरलं, गोळी राहील. पण अभ्यास झालेच पाहिजेत.

म्हणजे मशीनवरचा आकडा वेगळा आणि माणसाला बरं वाटणं वेगळं. डॉक्टरांना आकडे सांगालच. बाबा आधार न घेता स्वयंपाकघरापर्यंत जातात का, तेही सांगा. आडवं झाल्यावर हीच गोळी रक्तदाब फार वाढवू शकते, म्हणून दिवसातली शेवटची गोळी झोपण्याच्या ३-४ तास आधी घेतात. आई-बाबांच्या गोळीची वेळ आज विचारून घ्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.