वर्गमैत्रीण हीच मॉडेल

होमाई व्यारावाला अखेरची अनेक वर्षे आमच्या बडोद्यात राहिल्या आणि २०१२मध्ये इथेच निवर्तल्या. त्यांचे नाव निघाले की लोकांना नेहरू नि माउंटबॅटन यांची छायाचित्रे आठवतात. मला त्याआधीची, मुंबईची चित्रे अधिक मोलाची वाटतात.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस जे. जे. कलाशाळेत शिकणाऱ्या मुलीला पगारी मॉडेल कुठली परवडणार! वर्गमैत्रीण रेहाना मोगल त्यांच्या कॅमेऱ्यापुढे उभी राही. त्या काळचा रोलीफ्लेक्स म्हणजे एका फिल्मवर बाराच चित्रे. वरच्या काचेत डावे-उजवे उलटे दिसे. तेव्हा ऊन कुठून येते, मुलीने कुठे उभे राहायचे, हे बटण दाबण्याआधीच ठरवावे लागे. मात्र छायाचित्रकार मान खाली घालून काचेत पाहत असल्याने समोरचीकडे कोणी रोखून पाहत नसे. रेहानाचा मोकळेपणा, मला वाटते, थोडा त्यातून आला, बाकीचा मैत्रीतून.

मुलींच्या सहलीची त्यांची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली. मोबदला चित्रामागे एक रुपया. सुरुवातीची कित्येक चित्रे मात्र पती माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पद्मविभूषण होमाईंच्या स्वतःच्या नावाने आले, ते २०११मध्ये.