फ्रेंचचा पहिला धडा आणि मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत फारसी, पोर्तुगीज, डच व इंग्रजी कागदांच्या जोडीस फ्रेंच कागदांचेंही स्थान आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ते कागद मूळ भाषेंत वाचूं शकणारे आपल्यांत किती, असा प्रश्न केला असतां उत्तर समाधानकारक येत नाहीं. आम्ही वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं विद्यापीठाच्या प्रारंभिक फ्रेंच वर्गांत जाऊन बसलों. तेथें आमची एक जुनी चूक आम्हांस सांपडली. ती येथें उघड करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं पाँडेचरीकडील एका फ्रेंच पत्राच्या नकलेवरून आम्हीं एक टिपण प्रसिद्ध केलें होतें. कोश हाताशीं होता व इंग्रजीचा आधार होता. तेवढ्या बळावर आम्हीं पत्र लावलें. त्यांत ‘दमांदे’ हें क्रियापद आलें होतें. इंग्रजींतील ‘डिमांड’ डोळ्यांपुढें असल्यामुळें, फ्रेंच वकिलानें मराठे सरदाराकडे परवानगीची हक्कानें मागणी केली, असा अर्थ आम्हीं केला. आणि त्यावर फ्रेंचांच्या उद्दामपणाविषयीं एक मोठें अनुमान उभारलें. वर्गांतील तिसऱ्या आठवड्यांत बाईंनीं फळ्यावर तेंच क्रियापद लिहिलें व अर्थ सांगितला, ‘विचारणें, मागणें.’ वाट विचारावयाची तरी हेंच क्रियापद. म्हणजे वकिलानें रीतीप्रमाणें परवानगी मागितली, इतकेंच तें पत्र सांगत होतें. शेजारच्या बांकावरील एकोणीस वर्षांच्या मुलीनें तो अर्थ निमूटपणें वहींत उतरून घेतला. आमच्या मात्र एका टिपणाचा पायाच ढासळला. तें अनुमान आम्ही येथें मागें घेत आहों. ज्यांनीं विश्वासानें त्याचा आधार घेतला असेल त्यांनीं तो सोडून द्यावा, अशी विनंती आहे.

असे फसवे शब्द आणखीही आहेत. ‘आसिस्ते’ म्हणजे साहाय्य करणें असें इंग्रजी जाणणारास वाटतें. परंतु एखादा फ्रेंच मनुष्य दरबारास वा लढाईस ‘आसिस्ते’ करतो तेव्हां तो बहुधा तेथें केवळ हजर असतो. ‘प्रेतांद्र’ म्हणजे सोंग करणें नव्हे. दावा सांगणें, प्रतिपादन करणें. या दोन शब्दांच्या चुकीनें बघ्याचा साहाय्यकर्ता होईल आणि हक्क सांगणारा ढोंगी ठरेल. इतिहासांत यापरतें मोठें अनर्थाचें कारण कोणतें?

आम्ही हयातभर शाळेंत संस्कृत शिकविलें. गुणांच्या आशेनें संस्कृत सोडून फ्रेंच घेणाऱ्या मुलांस आम्हीं पुष्कळदां टोचून बोललों आहों. त्याचें प्रायश्चित्तच जणूं आम्हांस घडलें. परंतु इतिहास पाहतां याचा उलटा दाखलाही सांपडतो. इ. स. १८०३ मध्यें युद्ध पुन्हा पेटल्यामुळें पॅरिसमध्यें अडकून पडलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन यानें तेथील ग्रंथालयांतील संस्कृत पोथ्यांची यादी केली. ती १८०७ सालीं छापली गेली. पुढें शेझी नांवाच्या गृहस्थानें बहुतांशीं स्वतःच्या खटपटीनें संस्कृत संपादन केलें. १८१४ सालीं कोलेज द फ्रांस येथें संस्कृताचें अध्यापकपद निर्माण होऊन तें त्यास मिळालें, तेव्हां त्यानें चाळिशी ओलांडली होती. त्याच पदावर त्याच्यामागून ब्यूर्नूफ आला. त्यांनीं आमच्या पोथ्यांसाठीं आमची भाषा गिरविली. आम्ही त्यांच्या दप्तरांसाठीं त्यांची गिरविली तर त्यांत कमीपणा कसला?

संस्कृतज्ञास या भाषेंत अगदींच परकें वाटत नाहीं. ‘सप्त’ व ‘सेत्’, ‘नव’ व ‘नफ’, ‘दन्त’ व ‘दां’, ‘अस्ति’ व ‘ए’ हीं एकाच कुळांतील होत. नपुंसकलिंग मात्र फ्रेंचनें टाकून दिलें आहे, आणि लिहिलेलीं अंत्य व्यंजनें बहुधा उच्चारांत येत नाहींत. स्पष्टोच्चाराची संवय झालेल्या जिभेस याचा फार त्रास होतो. सत्तरासाठीं ‘साठ-दहा’ आणि ऐंशीसाठीं ‘चार-वीस’ असें म्हणतात. हें ऐकून तरुण विद्यार्थी हंसले. आम्हांस मात्र आमच्या खेड्यांतील म्हाताऱ्यांची ‘चार विसा’ ही मोजणी आठवली.

तथापि एवढ्या शिक्षणानें जुना कागद वाचतां येईल असें कोणीं समजूं नये. बालबोध येणारास मोडी येतेच असें नाहीं, तसाच हा प्रकार आहे. सतराव्या शतकांतील लेखनांत आज न लिहिला जाणारा ‘एस्’ ठायीं ठायीं आढळतो. आजच्या लेखनांत त्याच्या जागीं पुष्कळदां मागील स्वरावर टोपीसारखें चिन्ह असतें. जुन्या छापींत लांब ‘एस्’ हा ‘एफ्’ सारखा दिसतो. शिवाय ऐतिहासिक कथनांत येणारा साधा भूतकाळ आजच्या बोलण्यांतून गेला असल्यामुळें प्रारंभिक वर्गांत तो शिकवीत नाहींत. संस्कृतांतील लिट् लकार न शिकतां कोणी महाभारत वाचावयास बसावें, तशी त्या वाचकाची स्थिति होईल. तेव्हां दुसऱ्या इयत्तेपर्यंत धीर धरिला पाहिजे.

तारखांविषयींही सावध राहावें. फ्रान्सनें नवी कालगणना १५८२ च्या डिसेंबरांत स्वीकारली. इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत घेतली नाहीं. यास्तव सतराव्या शतकांत एकाच दिवसाची फ्रेंच तारीख इंग्रजी तारखेच्या दहा दिवस पुढें असते. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक, ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, आपण ६ जून १६७४ या जुन्या पद्धतीच्या तारखेस मानतों. नव्या पद्धतीनें तो १६ जून होतो. पुढें १७९३ पासून १८०५ अखेर फ्रेंच सरकारी कागदांवर क्रांतीनंतरच्या पंचांगाचे महिने येतात. तेही कोष्टकावांचून लागत नाहींत.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. पाँडेचरीचा फ्रांस्वा मार्तां यानें छत्रपतींची १६७७ ची कर्नाटकांतील स्वारी व पुढें राजाराममहाराजांचें जिंजींतील वास्तव्य अगदीं जवळून पाहिलें. त्याच्या आठवणी मार्तिनो यानें १९३१ ते १९३४ या काळांत तीन खंडांत छापल्या. आपल्या मराठी भाषेच्या घडणीचा पहिला शास्त्रीय ग्रंथही झ्यूल ब्लॉक यानें फ्रेंचमध्येंच लिहिला. तो १९२० सालीं पॅरिसला निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांचें मराठी भाषांतर १९४१ सालीं आलें. भाषांतरकारांचे उपकार मोठे आहेत. परंतु वाद शब्दावर आला म्हणजे मूळच उघडावें लागतें.

ज्यांच्या संग्रहीं फ्रेंच कागद असतील त्यांनीं निदान एका तरुण अभ्यासकास या भाषेच्या वर्गांत पाठवावें, आणि शक्य असेल तर आपणही त्याच्या शेजारीं बसावें. आम्ही परीक्षेंत उत्तीर्ण झालों. गुण मात्र त्या एकोणीस वर्षांच्या मुलीस अधिक पडले. इत्यलम्.