कुलाब्याची चुंबकसूची

मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्याला, ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा उभारली. जहाजांना अचूक वेळ मिळावी, हा त्यांतला हिशेब उघड होता. परंतु १८४१ पासून प्राध्यापक ऑर्लेबार यांनीं तेथें पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे वेध सुरू केले, आणि नफ्यातोट्याची भाषा तेथेंच संपली. टांगलेली चुंबकसूची किती हलली, हें रात्रंदिवस टिपून ठेवावयाचें! यांत व्यापारास पैचीही प्राप्ति नव्हती. मग खर्च कोणीं सोसला? सरकारी तिजोरीनें. कंपनीच्या औदार्याचे गोडवे मी गात नाहीं; तिजोरी अखेर रयतेचीच होती. त्याच वेधशाळेचा कारभार बाळशास्त्री जांभेकरांनीं कांहीं काळ पाहिला, आणि पुढें टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना छत्रे ऐन कोवळ्या वयांत तेथेंच नोकरीस लागले.

श्रोतेहो, १८५९ च्या सप्टेंबरची दुसरी तारीख ध्यानांत घ्या. आदल्या दिवशीं इंग्लंडांत कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर विलक्षण तेजस्वी ज्वाला दिसली होती. कुलाब्याची सूची एकाएकीं बेफाम झाली. तेथील निरीक्षकांनीं तासातासाचा नित्यक्रम सोडून थोड्या थोड्या मिनिटांनीं, दुर्बिणींतून पाहून, आंकडे उतरून घेतले. ते आंकडे कशाचे, हें त्यांना ठाऊक नव्हतें. छापील खंडांत ते जवळजवळ दीडशें वर्षें पडून राहिले. २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं ते काढून तपासले, तेव्हां क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घसरल्याचें दिसून आलें. त्याहून पुष्कळच सौम्य अशा वादळानें १९८९ च्या मार्चमध्यें कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतील साठ लाख लोकांची वीज कित्येक तास बंद पाडली होती. विजेच्या तारांचें जाळें विणणाऱ्यानें किती मोठ्या तडाख्याची तयारी ठेवावी, याचें एक माप अशा रीतीनें कुलाब्याच्या वह्यांतून मिळालें.

या वह्यांत खंड पडण्याचा प्रसंगही आला. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहानें सूची बिघडणार होती. पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांनीं नवी जागा शोधली ती अलिबागेस, केरूनानांच्या नागांवापासून हाकेच्या अंतरावर. नव्या इमारती सरकारनें बांधून दिल्या. दगड आणला तो पोरबंदरचा, कारण त्यांत चुंबकत्व नाहीं. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन जुने आंकडे नव्यांशीं जुळविले गेले. १९०७ सालीं ट्राम धांवूं लागली. अलिबागचे वेध अद्याप चालू आहेत.