बारामासातील हिवाळा : नागमतीच्या विरहाचे एक वाचन

अभिजात संस्कृत ऋतुकाव्यात हिवाळा हा प्राधान्याने उपभोगाचा काळ आहे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’त हेमंत आणि शिशिर येतात ते मिटलेली गवाक्षे, अग्नी, जाड वस्त्रे आणि प्रेमिकांची जवळीक घेऊन. थंडी तेथे घराबाहेर राहते. उत्तर भारतातील बारामासा या गीतप्रकारात ती घरात शिरते. सहा ऋतूंऐवजी बारा महिने मोजणारे हे गीत बहुधा परदेशी गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या तोंडी असते. (अभावाची थंडी प्राकृताला मात्र अपरिचित नव्हती, माघात अंगावरचे वस्त्र विकून बैल घेणारा शेतकरी ‘गाथासप्तशती’त आहेच.)

मलिक मुहम्मद जायसीच्या ‘पद्मावत’मधील (इ.स. १५४०) नागमतीचा बारामासा आषाढात सुरू होऊन ज्येष्ठात संपतो. त्याचा गाभा मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत आहे, असे म्हणावेसे वाटते. मार्गशीर्षात दिवस आखडतो, रात्र वाढते. घरोघरी नवी वस्त्रे सिद्ध होत असताना नागमतीच्या शृंगाराचे रंग मात्र पतीबरोबर निघून गेलेले आहेत. पौषात सूर्यच लंकेच्या दिशेला सरकतो. दक्षिणायनाचा हा साधा उल्लेख नव्हे. रत्नसेनही पद्मावतीसाठी सिंहलद्वीपाला गेलेला आहे. ऊब आणि पती एकाच दिशेला गेले आहेत, हे जायसी कोठेही उकलून सांगत नाही. चक्रवाकीचा कविसंकेत येतो तोही अपुरा ठरण्यासाठीच : तिचा वियोग निदान रात्रीपुरता असतो. माघात कापसाचे थर वाढवावेत तसे काळीज अधिकच थरथरते, आणि डोळे गळतात ते गंगेच्या मैदानात हिवाळ्यात पडणाऱ्या पावसासारखे.

रामचंद्र शुक्लांनी ‘जायसी ग्रंथावली’च्या (१९२४) भूमिकेत या प्रकरणाची मोठी प्रशंसा केली. नागमती आपले राणीपण विसरून सामान्य स्त्रीप्रमाणे बोलते, छपराची चिंता करते, हे त्यांना विशेष भावले. निरीक्षण अचूक आहे. परंतु त्याचे श्रेय एकट्या कवीच्या सहृदयतेला देणे पटत नाही. राणीपण विसरले गेले, असे म्हणताना ही वाणी मुळात राणीची होती असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः बारामासाची वाणीच गृहिणीची आहे. विनयचंद्रसूरीच्या ‘नेमिनाथ चतुष्पदिके’त राजकन्या राजीमती आणि मौलाना दाऊदच्या ‘चंदायन’मध्ये (१३७९) मैना याच वाणीत बोलतात. शार्लट वोदव्हील यांनी या प्रकाराचे मूळ लोकगीतांत शोधले. ते मान्य केल्यास दृष्टी पालटते : गीत राणीपर्यंत चढलेले नाही, राणी गीतात उतरली आहे.

लोकगीताला केवळ ‘कच्ची सामग्री’ मानणाऱ्या समीक्षेची अडचण येथेच होते. अवधी-भोजपुरी बारामाशात रजई, गवताचे छप्पर, एकाकी शेज या वस्तू वर्णनासाठी येत नाहीत. घरात कोण नाही, याची ती मोजदाद असते. ही मोजदाद ओळखीची असलेल्या श्रोत्यालाच जायसीने तीत काय घातले ते कळते. त्याने घातला तो दक्षिणेला सरकणारा सूर्य. पुढे नागमतीचा विलाप ऐकून एक पक्षी तिचा निरोप घेऊन निघतो, तोही सिंहलाकडेच.